तंबाखूच्या पानाचा अर्क असलेलं वेप लिक्विड, 'नॅचरल' म्हणून सेफ का?

कर्वेनगरकर:
लोकहो, धाकटा भाऊ हिंजवडीत जॉबला आहे, सिगरेट सोडायची म्हणून वेप (ई-सिगरेट) घेतला, तोवर मी गप्प होतो पण आता कुठूनतरी तंबाखूच्या अर्काचं लिक्विड आणतो नि वर मलाच सांगतो की दादा यात केमिकल फ्लेवर नाही, खरं पान भिजवून गाळलंय. बाटलीवर निकोटिन शून्य लिहिलंय, रंग कोऱ्या चहासारखा. नुसतं 'वाईट असतं' म्हणून त्याला पटणार नाही, नेमकं काय होतं ते सांगा.

फार्मावाला:
पान प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये (वेप लिक्विडचा पातळ बेस) भिजत घालतात नि मग गाळतात. गाळणीत चोथा अडकतो हो, विरघळलेलं सगळं खाली उतरतं. निकोटिनही उतरतं, त्यामुळे ते शून्य मी तरी मानणार नाही. सोबत नायट्रोसामाइन्स, हे पान वाळवताना-मुरवताना तयार होतात, त्यातले एनएनएन आणि एनएनके हे दोन आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) ग्रुप 1 मध्ये आहेत, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे नक्की झालेलं. सिगरेटपेक्षा प्रमाण खूप कमी, हे मान्य. पण 'केमिकल नाही' हे साफ खोटं. आणि भावाला विचारा कॉइल (लिक्विड तापवणारी तार) किती पटकन काळी पडते, पानातली साखर तिच्यावर करपते नि त्यातून अ‍ॅसिटाल्डिहाइड, फॉर्माल्डिहाइड असे घातक वायू निघतात, ते थेट छातीत.

कोथरूडचा_बंड्या:
मग साधा कृत्रिम टोबॅको फ्लेवर घ्यावा की, खायच्या पदार्थात चालतो तोच असतो ना

फार्मावाला:
बंड्या, खाणं वेगळं नि फुफ्फुसात ओढणं वेगळं. बटरी चवीचं डायअसिटाइल पोटात गेलं तर काही नाही, पण 2000 च्या सुमारास अमेरिकेत मिझुरीच्या पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांना त्याच्या वाफेने बारीक श्वासनलिकांचा असा आजार झाला की जो बरा होत नाही. वेपच्या गोड, क्रीमी फ्लेवरमध्ये ते सापडलेलं आहे.

पेठेतली_ताई:
आणि आपल्याकडे 2019 पासून ई-सिगरेट बनवणं, विकणं, आयात, जाहिरात सगळं कायद्याने बंद आहे, पहिल्याच गुन्ह्याला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड. तरी कॉलेजच्या पोरांना बरोब्बर मिळतं!! पण त्यामुळेच त्या बाटलीत काय आहे हे कुणी तपासलेलंच नसतं, लेबल छापणारा काहीही छापेल.

कर्वेनगरकर:
कॉइलचं अगदी बरोबर, सारखी बदलत असतो. पण वेप सोडला तर परत सिगरेटवर जाईल ही धास्ती आहे.

पेठेतली_ताई:
मेडिकलमध्ये 2 मिलिग्रॅमचा निकोटिन गम मिळतो, पण आधी डॉक्टरांना विचारा, सिगरेट किती होत्या त्यावर डोस ठरतो. बबलगमसारखा चघळत बसायचा नाही, झणझणलं की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की परत चावायचा. आमचे हे तो चहासोबत खायचे नि म्हणायचे गुण येत नाही, आता गमच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी बंद. 1800-11-2356 ही सरकारी क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट. भावालाच लावू दे, तुम्ही लावून उपयोग नाही.