पडद्याविना चित्रपटसंगीत : मोरिकोने आणि रोटा

चित्रपटासाठी रचलेले संगीत पडद्यापासून वेगळे केले की पांगळे होते, हे मत इटालियन संगीतकारांच्या बाबतीत मला पटत नाही. एन्निओ मोरिकोने यांनी रोमच्या सांता चेचिलिया संगीत विद्यालयात गोफ्रेदो पेत्रास्सी यांच्याकडे रचनेचे शिक्षण घेतले होते आणि वाद्यवृंदासाठीचे लेखन ते स्वतःच करीत. दिग्दर्शक सेर्जिओ लेओने यांच्या १९६८ सालच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या मुख्य धुना तर चित्रीकरणाआधीच तयार होत्या आणि चित्रीकरणस्थळी वाजवल्या जात, म्हणजे तेथे दृश्यच संगीताच्या लयीने चालले.

हे संगीत मैफलीत सादर करताना येणारी खरी अडचण मला वेगळी वाटते. मोरिकोने यांच्या मूळ ध्वनिमुद्रणांतील अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी यांची शीळ आणि एड्डा देल्लोर्सो यांचा शब्दांविना गायलेला स्वर मायक्रोफोनच्या जवळिकीतून फुलतो, पण रंगमंचावर तोच स्वर भरगच्च वाद्यवृंदातून आणि समूहगायनातून वर यावा लागतो. पुढे मोरिकोने यांच्या मैफलींत सुझान्ना रिगाच्ची यांनी ही गायकी सांभाळली. ऑपेराची तयारी असलेल्या त्यांच्या गळ्यात मूळची कोवळीक मला कमी जाणवते, परंतु आवाजाचा पल्ला मन भरून टाकतो.

दुसरे इटालियन संगीतकार निनो रोटा यांचेही उदाहरण येथे घ्यायला हवे. दिग्दर्शक फेलिनी यांच्या १९५४ सालच्या 'ला स्त्रादा' या चित्रपटाच्या संगीतावरून त्यांनी बॅले रचला आणि तो १९६६ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात सादर झाला.