अनुभव धागा: संतांच्या गोष्टी सांगून लहानग्यांना द्यायला कसं शिकवता?

आगमनकाळ (नाताळाआधीचे चार आठवडे) जवळ आला की धर्मशिक्षणाच्या वर्गात हा विषय निघतोच. चार ते आठ वर्षांच्या मुलांसोबत कोणती गोष्ट चालते, कुठे फसते, ते लिहा. कौतुक नको, सामान, कृती आणि चुका हव्यात.

*

सुरुवात संत मार्टिनपासून करावी. सण ११ नोव्हेंबरला, गोष्ट दोन मिनिटांची. आमियाँ शहराची वेस, कडाक्याची थंडी, उघडा भिकारी. रोमन सैन्यातला तरुण मार्टिन तलवारीने आपला झगा मधोमध कापतो आणि अर्धा त्याला देतो. रात्री स्वप्नात ख्रिस्ताच्या अंगावर तोच तुकडा दिसतो.

सांगताना कापड खरंच फाडायचं. दोन मीटर मांजरपाट किंवा जुनी सुती चादर घ्या आणि कडेला मधोमध दोन-तीन सेंटीमीटरचा काप आधीच देऊन ठेवा. दोन मुलांनी दोन बाजूंनी ओढलं की टर्रकन सरळ फाटत जातं. पॉलिएस्टर नको. ते नुसतं ताणलं जातं, वर्ग खिदळतो आणि गोष्ट हातची जाते. मग दोन्ही तुकडे दोघांच्या खांद्यांवर टाका आणि विचारा, "आता थंडी कोणाला वाजेल?" बहुतेक मुलं "कोणालाच नाही" म्हणतात. घाई न करता पुन्हा विचारा. अर्ध्या झग्यात दोघांनाही थोडी थोडी वाजणारच. दिलं की आपलं कमी होतं, हे मुलांपासून लपवू नये.

सुल्पिसियस सेव्हेरसने लिहिलेल्या जुन्या चरित्रात, अर्धवट झग्यातला मार्टिन बघून काही जण हसले असंही आहे. तो भाग गाळू नका, कारण सात-आठ वर्षांच्यांना हसण्याचीच जास्त भीती असते. (चित्रात दिसणारा घोडा मात्र त्या चरित्रात नाही.)

*

वरच्या ताईंना पुस्ती: घरी सोडताना "कात्री फक्त मोठ्यांसोबत" हे बजावा. नाहीतर संध्याकाळी आईच्या ओढणीचे दोन तुकडे.

*

संत निकोलस, ६ डिसेंबर. पातारा शहरातल्या एका बापाकडे तीन मुलींच्या लग्नाला पैसे नाहीत. निकोलस रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या घरात टाकतो. आपल्याकडे अडचण हुंड्याची. गोष्ट जशीच्या तशी सांगितली तर हुंडा पुरवणं हेच पुण्य असं डोक्यात बसतं. लहानांना "घरात खायला नव्हतं" एवढं पुरे. आठ वर्षांच्यांना खरं कारण सांगा, आणि ती चाल वाईट होती हेही सांगा.

कृती: प्रत्येकाने नावाची एक चिठ्ठी उचलायची आणि त्या मुलासाठी एक काम गुपचूप करायचं. पेन्सिलीला टोक, चपला सरळ लावणं, पाण्याची बाटली भरणं. विकत काही आणायचं नाही. मुदत एक दिवस, आठवडा दिला तर दुसऱ्याच दिवशी "बाई, ते मी केलं!" ऐकू येतं. तसं झालं तर रागावू नका, नवी चिठ्ठी द्या. शाबासकीचे स्टिकर मात्र पूर्ण बंद, नाहीतर मूल स्टिकरसाठी देतं.

*

हंगेरीच्या संत एलिझाबेथची (१२०७–१२३१) गुलाबांची दंतकथा जपून सांगा. गरिबांसाठी नेत असलेल्या पदरातल्या भाकरी नवऱ्याने विचारताच गुलाब होतात. काही रूपांत ती आधी "गुलाबच आहेत" म्हणते. मुलं लगेच पकडतात: "म्हणजे ती खोटं बोलली?" शिवाय नवरा विनाकारण खलनायक होतो. खरा नवरा, लुडविग, तिच्या दानधर्माच्या बाजूचा होता. १२२६ च्या दुष्काळात तिने धान्य वाटलं, तेही तो परतल्यावर त्याने मान्यच केलं. मी तर दुष्काळाचीच गोष्ट सांगेन. चमत्कारापेक्षा उघडलेलं कोठार मुलांना जास्त समजतं.

*

आपल्याकडचे संत हवे असतील तर गोव्यातल्या बाणावलीचे जोसेफ वाझ घ्या. श्रीलंकेतल्या कॅन्डीत देवीची साथ आली तेव्हा त्यांनी रुग्णांची सेवा केली, एवढा धागा पुरतो. वसईचे गोन्सालो गार्सिया घरचे असले, तरी त्यांची गोष्ट हौतात्म्याची. पाच वर्षांच्यांना ती नको.

*

उपवासकाळासाठी (ईस्टरआधीचा काळ) मूठभर तांदूळ. पालकांनी डब्यात टाकलेली नाणी मुलाची नसतात, म्हणून पैशांऐवजी धान्य. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या दिवसापर्यंत, रविवार सोडून ४० दिवस, मुलाने जेवणाआधी स्वतःच्या मुठीने तांदूळ काढायचे. लहान मूठ साधारण १५–२० ग्रॅमची, म्हणजे शेवटी ६००–८०० ग्रॅम जमतात. हात ओला असला तर गठळ्या होतात आणि बुरशी धरते, म्हणून आधी हात पुसणं हा नियम. किडे लागू नयेत म्हणून कडुलिंबाची सुकलेली पानं घाला. बरणी प्लास्टिकची घ्या. काचेची चर्चच्या पायरीवर फुटते. आणि चर्चमधल्या टोपलीत तांदूळ मुलानेच ओतायचे. सांडले तर सांडू द्या, सोबत एक छोटी केरसुणी ठेवा.