आक्रसलेली डोळ्याची खोबण: शस्त्रक्रिया पुढे किती वर्षं टिकते? (अनुभव हवेत)

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारते आहे. लहानपणी रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग) झाल्यामुळे त्याचा डावा डोळा काढावा लागला, नंतर रेडिएशनही दिलं. तेव्हापासून तो कृत्रिम डोळा वापरतो. आता तो पस्तिशीला आलाय आणि खोबण हळूहळू आक्रसत चालली आहे. खालच्या पापणीच्या आत जी खाच असते, जिच्यात कृत्रिम डोळ्याची कड बसते, ती जवळजवळ बुजलीच आहे. तोंड धुवायला वाकला की डोळा ओंजळीत येतो. पापणीचे केस आत वळलेत, चिकट स्राव थांबत नाही. आजवर दर वेळी डोळा थोडा लहान करून घेत आलो, पण आता तेवढीही जागा उरलेली नाही.

ऑक्युलोप्लास्टी सर्जननी (पापण्या आणि खोबणीच्या शस्त्रक्रिया करणारे नेत्रतज्ज्ञ) शस्त्रक्रिया सुचवली आहे. ओठाच्या आतलं नाजूक अस्तर काढून त्याचा ग्राफ्ट खोबणीत लावायचा, टाके घालून खाच नव्याने खोल करायची, आत कन्फॉर्मर (खोबणीचा आकार टिकवणारी प्लास्टिकची वाटी) ठेवायचा आणि पापण्या काही आठवडे शिवून ठेवायच्या. ग्राफ्ट पुढे आकसतोच, म्हणून तो मुळातच गरजेपेक्षा मोठा घेतात. कन्फॉर्मर मध्येच निसटला आणि तसाच राहिला तर केलेलं सगळं वाया जाऊ शकतं, हेही त्यांनी बजावून सांगितलं.

वरच्या पापणीखाली खोल खड्डाही पडलाय. तो भरायला नितंबाजवळची चरबी तिच्यावरच्या त्वचेच्या आतल्या थरासकट घेऊन बसवता येते (डर्मिस फॅट ग्राफ्ट). पण रेडिएशन झालेल्या जागी रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे ही चरबी विरून जायची शक्यता जास्त. डॉक्टरांनी हे आडपडदा न ठेवता सांगितलं, याचा मला खरंच आधार वाटला.

माझी अडचण पुढची आहे. जे फोटो बघायला मिळतात ते ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांतले. तेव्हा खोबण छानच दिसते. मला पाच-दहा वर्षांनंतरचं जाणून घ्यायचंय. कृत्रिम डोळा अजून नीट बसतो का? की खाच पुन्हा उथळ झाली आणि दुसऱ्यांदा ग्राफ्ट करावा लागला? लहानपणी रेडिएशन झालेल्या कुणाचा अनुभव असेल तर तो आमच्यासाठी सगळ्यात मोलाचा, कारण रेडिएशन न झालेल्या खोबणीची आणि याची तुलना होऊच शकत नाही, असं माझं मत झालंय.

चरबीचा ग्राफ्ट कुणी केला असेल तर तो खाच करतानाच केला की नंतर? आधी खाच टिकते का ते बघावं आणि खड्ड्याचं मग ठरवावं, असं मला वाटतं. भावाला मात्र सगळं एकदाच उरकायचंय, आणि त्याचंही चूक नाही. भूल, ड्रेसिंग, सुट्टी हे पुन्हा पुन्हा कोण करणार?

ओठाबद्दलही विचारायचं होतं. तिथली जखम आपोआप भरते म्हणतात, पण पुढे ओढल्यासारखं वाटत राहतं का? तो शिक्षक आहे, दिवसभर बोलावं लागतं.

शस्त्रक्रिया न करता चष्म्याला जोडलेला कृत्रिम डोळा आणि पापण्या वापरणारं कुणी इथे आहे का? डॉक्टरांनी तोही पर्याय सांगितला, पण भाऊ त्याबद्दल बोलायलाच तयार नाही. प्रत्यक्ष वापरणाऱ्याशी बोलला तर निदान ऐकून तरी घेईल. (चष्म्याची त्याला सवय आहे. उरलेला एकच डोळा जपायचा म्हणून तो कायम पॉलिकार्बोनेटच्या काचा वापरतो.)

‘तज्ज्ञांना विचारा’ एवढंच कृपया लिहू नका, त्यांच्याकडे जाणं चालूच आहे. ज्यांनी हे स्वतः सोसलंय किंवा घरात जवळून पाहिलंय, त्यांनी बरंवाईट दोन्ही लिहा. इथे उघडपणे लिहायला नको वाटत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ऑपरेशनची तारीख अजून घेतलेली नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना आणखी काय विचारावं तेही सुचवा, मी यादी करते आहे.