चौकात विनोदी सिनेमा लावताना: पडदा, आवाज, बोली आणि नवी गाणी

धागाकर्ता, मंगळवार पेठ

गणपतीत एक संध्याकाळ पेठेत मोठा पडदा लावून विनोदी मराठी सिनेमा, आणि त्याआधी नवी गाणी, असं ठरतंय. इथं पडदा लावून देणारे, आवाज बघणारे, संवाद लिहिणारे, वाजवणारे असे बरेच जण आहेत. कुठला सिनेमा उघड्यावर चालतो, कुठला थिएटरातच बघावा, नव्या गाण्यांत किती दम आहे, सगळं लिहा. आठवणी नंतर सांगू. आधी मापं, आकडे, कुठं फसतं आणि का, तेवढं द्या. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आपल्या कोल्हापुरात निघाली, १९२९ ला प्रभात इथंच उभी राहिली. त्या गावात चुरगळलेल्या चादरीवर अंधुक सिनेमा दाखवू नये, असं मनापासून वाटतं.

पडदा आणि प्रोजेक्टर, राजारामपुरी

गल्ली किती रुंद आहे ते आधी मोजा. चौकासाठी १२ फूट रुंद, पावणेसात फूट उंच पडदा बरा पडतो. त्याला किमान ४००० लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर घ्या. खोक्यावरचा आकडा बघू नका, 'ॲन्सी लुमेन' (ठरलेल्या पद्धतीनं मोजलेले) किती ते विचारा. स्वस्त एलईडी मशिनवर पाच आकडी लुमेन छापलेले असतात, पडद्यावर त्याचा दहावा हिस्साही पडत नाही.

अंतराचं गणित सोपं आहे. मशिनचा थ्रो रेशो (पडद्याच्या रुंदीच्या किती पट अंतर लागतं तो आकडा) दीड असेल तर १२ गुणिले दीड, म्हणजे १८ फुटांवर मशिन. ते पडद्याच्या मधोमध सरळ ठेवा. बाजूला ठेवून कीस्टोन (तिरकं चित्र सरळ करायची सेटिंग) ओढत बसलात की चित्राच्या कडा मऊ पडतात आणि नावं वाचता येत नाहीत. गल्ली अरुंद असेल तर मशिन पडद्यामागे ठेवा, सेटिंगमध्ये 'रिअर' निवडा आणि पडदा अर्धपारदर्शक घ्या. माणसांची ये-जा उजेडाच्या आड येत नाही.

पडद्याची खालची कड जमिनीपासून ५ फूट वर हवी, नाहीतर पुढच्या खुर्च्यांतली डोकी चित्रात येतात. १२ फुटी पडदा वाऱ्याला शिडासारखा फुगतो. कडेच्या बांधण्या ताणणाऱ्या रबरी दोरीच्या ठेवा आणि दोन्ही खांबांना मागून ताण द्या. सुतळीनं घट्ट आवळलेला पडदा पहिल्या झोताला रिंगांपाशी फाटतो. रस्त्यावरचा दिवा पडद्याच्या तोंडावर येत असेल तर पडदाच फिरवा, दिव्याकडे पाठ करा.

आता वेळ. सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो, चित्र दिसण्याजोगा अंधार सव्वासात-साडेसातला होतो. ध्वनिक्षेपक दहाला बंद. अडीच तासांचा सिनेमा साडेसातला लावला तर मध्यंतराला जागाच उरत नाही. म्हणून गाणी संधिप्रकाशात उरका, त्यांना पडदा लागत नाही. त्या रात्री बारापर्यंतची सवलत आहे का, हे जिल्हा प्रशासनाच्या यादीत बघून घ्या, गृहीत धरू नका.

जुना सिनेमा लावताना सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी: चित्र ४:३ मापाचं असतं आणि मशिन ते १६:९ मध्ये ताणतं. नट आडवे, बुटके दिसतात. विनोदात अंगाची लकब बघायची असते, तीच बिघडते. 'ओरिजिनल' माप निवडा, दोन्ही बाजूला काळी पट्टी आली तर येऊ द्या.

ध्वनी संयोजन, शाहूपुरी

पडद्याबद्दल दादांनी लिहिलंच आहे. पण विनोदी सिनेमा आधी कानाला लागतो. चित्र थोडं फिकं चालेल. एक शब्द गिळला गेला तर पुढचा हशा गेला.

पहिला घोळ असा. नव्या सिनेमाच्या फाईलमध्ये आवाज ५.१, म्हणजे सहा वेगळ्या चॅनेलचा असतो. संवाद बहुतेक सगळा मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलवर असतो. लॅपटॉपवरून फक्त डावा-उजवा उचलला की पार्श्वसंगीत जोरात आणि माणसं कुठंतरी लांब बोलतायत असं होतं. मग आवाज वाढवतात, गाणं आलं की कान फुटतात. प्लेअरमध्ये ऑडिओ 'स्टिरिओ'ला डाऊनमिक्स करा, म्हणजे सगळे चॅनेल डाव्या-उजव्यात मिसळा, आणि हे दुपारीच तपासा: दोन माणसं नुसती बोलतायत असा प्रसंग लावून शेवटच्या खुर्चीत जाऊन बसा.

दुसरा घोळ, ब्लूटूथ. त्यात आवाज १५० ते २५० मिलिसेकंद मागं पडतो. सिनेमाची एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची, म्हणजे ओठ हलल्यावर चार ते सहा फ्रेमनी शब्द येतो. वायरच वापरा.

तिसरं म्हणजे बेस. मिरवणुकीची सवय असल्यामुळं मंडळं बेसच्या पेट्यांची चळत मागवतात. सिनेमाला दोन टॉप, म्हणजे संवाद-गाण्याच्या मुख्य पेट्या, पुरतात. पडद्याच्या दोन्ही अंगाला, ७-८ फूट उंचीवर, तोंड किंचित खाली मागच्या रांगांकडे. १०० हर्ट्झखालचं कापा, २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात २-३ डेसिबल उचला. व्यंजनं तिथंच असतात. 'प' आणि 'त' वेगळे ऐकू येतात ते त्या पट्ट्यामुळं. सत्तर-ऐंशीच्या दशकातले सिनेमे असतील तर ७ किलोहर्ट्झच्या वरचंही उतरवा. त्या काळी फिल्मच्या कडेला छापलेल्या ऑप्टिकल ट्रॅकवर तिथं खरखरीशिवाय फारसं काही नसतं.

गल्ली लांब असेल तर ५० फुटांवर टॉपची दुसरी जोडी लावा, पण डिले देऊनच, म्हणजे तिचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडून. ५० फूट कापायला आवाजाला साधारण ४४ मिलिसेकंद लागतात. त्यात १० मिळवून ५४-५५ ठेवा, म्हणजे मागच्यांनाही शब्द पडद्यावरूनच आल्यासारखा वाटतो. डिले न देता जोडी लावली की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, देवळाच्या मंडपातल्या भाषणासारखा.

शेवटचं म्हणजे हशा. दोनशे माणसं हसली की पुढचं वाक्य त्याखाली बुडतं. मिक्सरवर माणूस बसवा. हशा उठताना ३ डेसिबल वर, ओसरताना हळूहळू खाली. रंगभूमीवरून आलेले नट हशा जिरेपर्यंत थांबायला शिकलेले असतात. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या कामात ती जागा अजून दिसते. हल्लीच्या बऱ्याच विनोदी सिनेमांत मोबाईलवर एकट्यानं बघणाऱ्याच्या मापानं कापाकापी केलेली असते. थांबा नाहीच. असा सिनेमा चौकात पडतो, आणि त्यात दोष लिखाणाचा नसतो, संकलनाचा असतो.

थिएटरात संवाद बारीक वाटला तरी कारण बहुधा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची खुंटी, असतं. सिनेमाचं मिक्सिंग प्रोसेसरच्या ७ या आकड्यावर करतात, बऱ्याच ठिकाणी तो ५ वर चालतो. म्हणजे ६-७ डेसिबल कमी. मध्यंतरात ऑपरेटरला 'जरा साडेपाच-सहा करा' म्हणून शांतपणे सांगितलं तर बहुतेक जण करतात.

पेटी शिकवणारा, उत्तरेश्वर पेठ

ध्वनीवाल्या दादांच्या यादीत एक राहिलं. टीव्हीसाठी बनलेल्या काही जुन्या प्रती सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमनी पळतात. १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो. नट किंचित घाईत बोलतात आणि सूर सुमारे पाऊण अर्धस्वर चढतो. गाणं काळी एकचं असेल तर पेटीवर ना काळी एक जुळते ना पांढरी दोन, मधेच कुठंतरी लटकतं. अशी प्रत सापडली तर प्लेअरमध्ये गती ०.९६ करा आणि 'सूर कायम ठेवा' हा पर्याय काढून टाका. सूर आणि चाल दोन्ही जागेवर येतात. विनोदी नटाचा मूळ थांबा कसा होता, हे त्याशिवाय कळत नाही.

नियमित प्रेक्षक, शाहू स्मारकाच्या शोंना येणारी

निवडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. उघड्या चौकासाठी दिवसा-उजेडात घडणारे, घरातले, एका चौकटीत चार माणसं दाखवणारे सिनेमे लावा. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) तसा आहे. गंमत चेहऱ्याच्या क्लोजअपमध्ये अडकलेली नाही. एक जण खोटं बोलतोय आणि दुसरा मागं घाबरलाय, हे दोन्ही एकाच वेळी दिसतं. शेवटच्या रांगेलाही समजतं. एकच धोका. लोकांना संवाद पाठ आहेत, ते नटाच्या आधी म्हणतात आणि जी पहिल्यांदाच बघतायत त्या पोरांचं ऐकायचं राहतं. मुलांना पुढं बसवा, टॉपच्या जवळ.

'झपाटलेला' (१९९३) मुलांना हवाच असतो. रामदास पाध्यांनी घडवलेली ती बाहुली अजून घाबरवते. पण त्यात रात्रीचे प्रसंग बरेच आहेत. रस्त्याच्या दिव्यात बाहुलीचे डोळे दिसले नाहीत तर भीतीही गेली आणि हसूही. पक्का अंधार असेल तरच लावा.

नव्यांपैकी 'वाळवी' (२०२३) मला फार आवडतो. परेश मोकाशींनी त्यात एका धाग्याला दुसरी गाठ, तिला तिसरी, असं करत नेलंय, फाफटपसारा नाही. पण तो चौकातला नव्हे. दोन मिनिटं कुणी भज्यांची प्लेट आणायला उठला की गाठ सुटते. शिवाय विषय खुनाचा, लहान मुलं समोर. तो बंद सभागृहात, मध्यंतराशिवाय बघावा. 'नाच गं घुमा' (२०२४) मात्र पेठेत चालेल. घरातली बाई आणि कामाला येणारी बाई यांचं ते नातं दारोदार ओळखीचं आहे, पाच मिनिटं चुकली तरी परत धागा सापडतो. 'दशावतार' (२०२५) दिलीप प्रभावळकरांसाठी मोठ्या पडद्यावरच पाहावा. विनोदी सिनेमांच्या रात्री तो नको.

आणि एक, हे महत्त्वाचं. ओटीटीच्या घरगुती खात्यावरून चौकात दाखवायची मुभा नसते. हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी महिनाभर आधी मागा. अर्जात जागा, तारीख, अंदाजे प्रेक्षक आणि तिकीट नाही हे लिहा.

संवाद लिहिणारी, कसबा बावडा

सिनेमातल्या कोल्हापुरीबद्दल लिहिते, कारण आपल्या लोकांचं हसू तिथंच अडतं. पुणेरी वाक्य लिहून शेवटी 'की रं' चिकटवलं की कोल्हापुरी झालं, असं समजतात. बोली क्रियापदात असते. 'काय करतोयस' नव्हे, 'काय करालाईस'. 'तो येतोय' नव्हे, 'त्यो यायलाय'. आणि सगळ्यात मोठी खूण: इथल्या कितीतरी बायका स्वतःबद्दल 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. पडद्यावरची नायिका 'मी येते रं' म्हणाली की पुढच्या रांगेतली आजी लगेच ओळखते, ही आपल्यातली न्हवं.

दुसरी चूक शिव्यांची आणि दमदाटीची. 'रांगडं' म्हणजे सतत ओरडणं नव्हे. इथला विनोद बहुतेकदा खालच्या पट्टीत, तोंडावरची सुरकुती न हलवता येतो. 'जेवलाईस का?' एवढं विचारून माणूस गप्प करता येतो. नटाला हे सांगायचं तर वाक्यातला कुठला स्वर लांबवायचा ते खुणेनं दाखवावं लागतं: 'जेवलाऽईस का', ओढ मधल्या 'ला'वर, शेवटच्या 'का'वर नाही. शेवट ओढला की लगेच नाटकी होतं. 'नाद खुळा' आणि 'काटा किर्र' प्रत्येक प्रसंगात आले की समजावं, लिहिणारा इथल्या बसस्टँडवर तासभरही बसलेला नाही.

हलगीवाला, जुना बुधवार पेठ

गाण्यांचं मी सांगतो. नव्या गाण्यात हलगी ऐकू आली म्हणजे हलगी वाजवलीच असं नाही. हेडफोन लावून एकाच बोलाचे आठ ठोके मोजा. चौथा आणि आठवा जसाच्या तसा असेल, आवाजात आणि घुमण्यात, तर तो संगणकावरचा तुकडा फिरवलाय. खऱ्या वादकाचा टिपरूचा ठोका आणि पातळ काडीचा ठोका कधी दोनदा सारखा पडत नाही. कातडं तापलेलं असतं तसा सूर चढतो, दमट हवेत उतरतो. भाद्रपदात तर दर थोड्या वेळानं कागद पेटवून कातडं शेकावं लागतं. फार जवळ धरलं की कड करपते आणि तिथून चिरतं, म्हणून हातभर अंतर ठेवून फिरवत राहायचं.

हलगी, घुमकं आणि कैताळ तिन्ही एकत्र ध्वनिमुद्रित केलेलं गाणं चौकात उठतं, कारण कैताळ वरचा पट्टा भरतं आणि घुमकं खालचा. नुसती हलगी घेऊन खाली संगणकाचा बेस लावला की वाद्य हरवतं. 'सैराट'च्या (२०१६) वेळी अजय-अतुल वाद्यवृंदासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजपर्यंत गेले, कारण माणसांनी वाजवलेल्या तंतुवाद्यांचा श्वास तुकड्यांत मिळत नाही. गावच्या वाद्यांना तोच न्याय लावा एवढंच म्हणणं आहे. तीन वादक, एक दिवस, चांगली खोली, एवढ्यात होतं.

बेंजोवर नवं गाणं बसवायचं असेल तर यूट्यूबवर गती ०.७५ करा, सूर बदलत नाही. आधी गायकाची ओळ, मग मधले तुकडे, ठेका शेवटी. चालत्या मिरवणुकीला मिनिटाला १०० ते ११० ठोके बरे. मूळ गाणं १३० चं असेल तर तसंच वाजवू नका, म्हातारी माणसं मागं पडतात.

धागाकर्ता

सगळ्यांचं उतरवून घेतलंय. सिनेमा 'बनवाबनवी'च धरतोय, मुलं पुढं. मधेच सर आली तर काय करायचं?

पडदा आणि प्रोजेक्टर, राजारामपुरी

मशिनवर चारही बाजूंनी उघडी, फक्त वरून झाकलेली चौकट करा. प्लास्टिक गुंडाळलं तर मशिन तापून पाचव्या मिनिटाला बंद पडतं. वायरचे जोड जमिनीवर नकोत, वीटभर उंचीवर ठेवा. वीज घेताना ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) मधे हवाच, आणि तो चाचणीचं बटण दाबून संध्याकाळी बघा. सर आली की आधी मशिनच्या दिव्याची वीज नव्हे, आवाजाची बंद करा. मशिनचा दिवा बंद केल्यावर पंखा दोन-तीन मिनिटं चालू राहू द्या, एकदम प्लग काढला की दिवा जातो. पडदा ओला झाला तर घडी घालू नका, रात्रभर दोरीवर राहू द्या.

ध्वनी संयोजन, शाहूपुरी

टॉपची तोंडं खाली केलेली असतातच, पाणी मागून जोडांतून शिरतं. मागच्या बाजूला ताडपत्रीचा तुकडा तिरका बांधा, पुढून मोकळं ठेवा.

नियमित प्रेक्षक

आणि सिनेमा थांबला ती वेळ लिहून ठेवा. परत लावताना दोन मिनिटं मागं न्या, म्हणजे खुर्च्या पुसून बसेपर्यंत हशाची जागा चुकत नाही.