गरिबी आणि हवामान हे दोन विषय वेगळे नाहीतच
गरिबांसाठी काम करणाऱ्या चर्चने हवामानाच्या भानगडीत कशाला पडावं, असं काहीजण विचारतात. अहो, वादळात रस्ते-पूल वाहून गेले की गरीब देश ते बांधायला कर्ज काढतो; मग हप्ते फेडताना कात्री लागते दवाखान्यांना, शाळांना. पुढच्या वादळाची तयारी राहूनच जाते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या पत्रात उत्तर आणि दक्षिणेतल्या, म्हणजे श्रीमंत आणि गरीब देशांमधल्या, 'पर्यावरणीय ऋणा'चा (निसर्गाच्या नुकसानीपोटी श्रीमंत देश गरीब देशांचं जे देणं लागतात त्याचा) मुद्दा मांडला तो याचसाठी. गरीब देशांच्या कर्जमाफीची मागणी तर २००० च्या ज्युबिलीपासूनची (ज्युबिली म्हणजे कॅथलिक चर्चचं साधारण दर पंचवीस वर्षांनी येणारं पवित्र वर्ष). २०२५ च्या ज्युबिलीत कॅरिटास या कॅथलिक मदतसंस्थेने तीच पुन्हा लावून धरली.

माझी तक्रार वेगळी आहे. बऱ्याच कॅथलिक संस्थांनी कोळसा-तेलातली गुंतवणूक काढून घेतली, पण सगळ्यांनी नाही. त्यावर बोला की!