फाईल समोर दिसतेय तरी स्क्रिप्ट म्हणते सापडत नाही (नावात 'ऱ्या' असला की)

वेळणेश्वरकर:
नमस्कार मंडळी, गुहागरकडे आमच्या गावच्या वाचनालयासाठी जुने फोटो गोळा करायचं काम चाललंय, शिमग्याच्या पालखीचे, नारळी पौर्णिमेचे, बंदरातल्या जुन्या होड्यांचे असे. गावातले लोक विंडोजवरून पेनड्राइव्हमध्ये आणून देतात, मुंबईचे चाकरमानी ऑनलाइन पाठवतात त्यात काहींकडे मॅक आहे, आणि सगळं शेवटी वाचनालयातल्या उबुंटूच्या मशीनवर येतं. एक्सेलमध्ये यादी केलीय, फाईलचं नाव, कोणी दिला, साल. पायथनची छोटी स्क्रिप्ट यादीतलं नाव घेते नि फोल्डरमध्ये ती फाईल शोधते.

बहुतेक सापडतात. पण 'पालखी किनाऱ्यावर' सापडत नाही, 'घाटातल्या दऱ्या' नाही, आणि 'दर्या उधाणलेला' मात्र पटकन सापडते. न सापडणाऱ्या फाईलचं यादीतलं आणि फोल्डरमधलं, दोन्ही नावं शेजारी ठेवून बघितली, काना-मात्रेचा फरक नाही. आणखी एक, नावं साफ करायला अक्षर-आकडा सोडून बाकी सगळ्याचा अंडरस्कोर करणारा रेगेक्स (मजकुरात नमुना शोधून बदलणारी सूचना) लावला तर 'गुहागर'चं 'ग_ह_गर' झालं. लोकांनी एवढ्या मायेने नावं दिलीत, ती अशी मोडलेली बघवत नाहीत. काय करू?

लाल_माती:
भाऊ, डोळ्यांवर जाऊ नका, ही नावं दिसायला एक पण आतून वेगळी आहेत. हा 'ऱ्या' तीन तऱ्हांनी टाईप होतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणारी यादी, त्यात ०९३१), हलंत, मग य. दुसरा साधा र त्याला खाली नुक्ता, मग हलंत आणि य. तिसरा र, हलंत, त्याच्या मागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (२००डी) आणि मग य. फॉन्ट तिन्ही सारखेच काढतो, पण लिनक्स फाईलचं नाव म्हणजे नुसते बाइट्स धरतो, एक बाइट इकडचा तिकडे झाला की त्याच्या लेखी ती दुसरी फाईल. साध्या 'र्य'ला अशी वळणं नाहीत म्हणून तुमचा दर्या सापडला.

दुसरी तऱ्हा बहुतेक मॅकवरनं आली असणार. मॅकची जुनी डिस्क फॉरमॅट, एचएफएस प्लस, नाव साठवतानाच अक्षरं फोडून ठेवायची. २०१७ पासून आलेली एपीएफएस दिलेलं नाव तसंच ठेवते, पण जुन्या डिस्कवरच्या फायली तेच फोडलेलं नाव घेऊन फिरतात.

आधी नाव पायथनच्या एस्की फंक्शनमधून छापून बघा, सगळे कोड नंबर समोर येतील. नुसती लेन्थ काढली तरी कळेल, 'किनाऱ्यावर' पहिल्या तऱ्हेत १० येते आणि बाकी दोन्हींत ११. मग यादीतलं आणि फोल्डरमधलं, दोन्ही नावं युनिकोडडेटाच्या नॉर्मलाइज फंक्शनने एनएफसीमध्ये (फोडलेली अक्षरं जोडलेल्या ठराविक रूपात) आणा आणि मगच जुळवा. त्याने दुसरी तऱ्हा पहिलीत येते. तिसरी येत नाही, ती हाताने रिप्लेस करायची, र-हलंत-जॉइनर दिसलं की ऱ-हलंत. जॉइनर नुसता पुसू मात्र नका, बरेच जण तेच करतात आणि मग दऱ्याचा दर्या होतो.

सुरुची_वन:
रेगेक्सचं मी सांगते. पायथनच्या रेगेक्समधलं बॅकस्लॅश डब्ल्यू ('अक्षर किंवा आकडा'ची खूण) आहे ना, ते मात्रांना अक्षर मानतच नाही. युनिकोडमध्ये काना, उकार, हलंत यांचा वर्ग वेगळा, मार्क म्हणून. त्यामुळे गुहागरचे उकार आणि काना गेले, देवगडचं 'द_वगड' होईल, मालवणचं 'म_लवण'. त्याऐवजी एकेका कॅरेक्टरची युनिकोड कॅटेगरी बघा, एल (अक्षर), एम (मार्क) किंवा एनने (आकडा) सुरू होत असेल तर ठेवा. जॉइनर यातल्या कशातच बसत नाही, तेव्हा वर सांगितलेली ऱ्याची दुरुस्ती आधी, साफसफाई नंतर.

पण मुळात एवढी साफसफाई हवीच कशाला? लिनक्सला नावात फक्त स्लॅश आणि नल बाइट चालत नाही. विंडोजला नऊ चिन्हं चालत नाहीत, कोलन, प्रश्नचिन्ह, स्टार, डबल कोट, पाइप, दोन्ही स्लॅश आणि लहान-मोठ्याची दोन. म्हणजे 'पालखी सकाळी ६:३०' असं नाव परत विंडोजवर न्यायला अडेल. तेवढी चिन्हं बदला नि बाकी नाव लोकांनी दिलं तसं मराठीत राहू द्या, इंग्रजी करायच्या फंदात पडू नका, उद्या फोटो शोधायला येणारी माणसं तीच नावं टाईप करणार आहेत. स्पेसमुळे शेल स्क्रिप्ट तुटत असेल तर व्हेरिएबल कायम डबल कोट्समध्ये घाला, एलएसच्या आउटपुटवर लूप फिरवू नका, फाइंडला प्रिंट-झिरो आणि एक्सआर्ग्सला मायनस झिरो द्या, म्हणजे नाव स्पेसवर तुटत नाही.

कुडाळकार:
सगळा बरोबर आसा, पण रिनेम करूच्या आधी पुऱ्या फोल्डराची कॉपी वेगळ्या डिस्कवर घेवन ठेव रे. लिनक्सवर पायथनचा रिनेम, त्या नावाची फाईल आधीच आसली तरी इचारणा नाय, तिच्यावर घालून मोकळो होता. तीन तऱ्हेची नावा एक केलंस आणि दोन फायलींचा नाव सारख्या झाला तर एक फोटो गेलो म्हणान समज. आधी नाव आसा काय ता तपास, मगेच रिनेम कर.

वेळणेश्वरकर:
खूप खूप आभार सगळ्यांचे. एस्कीने छापलं आणि तिन्ही तऱ्हा निघाल्या. कॉपी घेऊन ठेवलीय. आता 'ॲड.' ने सुरू होणारी एक फाईल राहिलीय, ती एनएफसी करूनही जुळत नाही, आणि एका काकांनी नावातच अख्खी हकीकत लिहिलीय, ती विंडोजवर होती पण इथे कॉपी करताना नाव फार लांब आहे म्हणून एरर येतेय.

लाल_माती:
ॲ चं पण तसंच आहे, एक स्वतंत्र ॲ (०९७२, हा युनिकोडमध्ये २००८ ला आला) आणि एक अ वर चंद्र देऊन केलेला. एनएफसी यांना एक मानत नाही, तोही रिप्लेस हातानेच.

लांबीचं म्हणाल तर विंडोजची डिस्क फॉरमॅट एनटीएफएस २५५ युनिट मोजते (देवनागरीचं एक अक्षर किंवा मात्रा म्हणजे एक युनिट) आणि उबुंटूची एक्स्ट-४ २५५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, हलंतसुद्धा यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडचे नंबर बाइटमध्ये लिहायची पद्धत) ३ बाइट खातं, म्हणजे एक्स्टेन्शन धरून जेमतेम ८३ मावतात, त्यात किनाऱ्यावरच ३० बाइटचा आहे. काकांची हकीकत पूर्णच्या पूर्ण एक्सेलमध्ये नव्या कॉलमला घाला, त्यातलं काही टाकू नका, आणि फाईलला नंबर आणि दोन-तीन शब्द ठेवा. स्क्रिप्टने कापणार असाल तर बाइट मोजून मधेच कापू नका, शेवटच्या स्पेसपर्यंत मागे या, नाहीतर शेवटचं अक्षर अर्धं तुटून चौकोन दिसतो.