स्लो कुकरमध्ये बिनसाखरेचा चॉकलेट केक: कडेला कोळसा, मधे पिठलं. कुठे चुकलं?

लक्ष्मीनगरची_सून, नागपूर
18 मे, रात्री 11:40

आमच्या बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, 29 मेला पंचाहत्तर पूर्ण होतात. ऐन नवतप्यात, म्हणजे उन्हाच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत. त्या दिवसांत नागपुरात कोणी ओव्हनजवळ उभं राहत नाही, आणि माझा ओव्हन तर गेल्या उन्हाळ्यापासून कढया ठेवायचं कपाट झाला आहे. थर्मोस्टॅट गेला तो गेलाच.

दुसरी गोष्ट शुगर. बाबा गोळ्यांवर आहेत, रोज पहाटे अंबाझरीला फिरून येतात आणि ग्लुकोमीटरचा आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाखाली लिहितात. मागच्या वाढदिवसाला एका बेकरीतून ‘शुगर-फ्री’ केक आणला होता. दोन तासांनी आकडा आला 246. बाबा एक शब्द बोलले नाहीत. लाल पेनने त्या आकड्याभोवती गोल काढला आणि पेन खिशाला लावलं. तो गोल मला डिसेंबरपर्यंत रोज दिसत होता. मैद्याचीही पोटात पुढे साखरच होते हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साखर नाही ना, मग झालं!

म्हणून यंदा मैदा नाही अन् साखरही नाही. नणंदेने न्यूजर्सीहून आणलेला स्लो कुकर (विजेवर मंद आचेने तासन्तास शिजवणारं भांडं) चार वर्षं माळ्यावर पडून होता, तो काढला. 120 व्होल्टचा आहे, त्यामुळे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो. तो सुरू झाला की घुंऽऽ करत बसतो. बाबा म्हणतात, “डास वयात आला.” पण कुकर मागच्या गॅलरीत ठेवता येतो, स्वयंपाकघर तापत नाही, हे मला फार आवडलं.

काल रंगीत तालीम केली. 200 ग्रॅम बदामाचं पीठ (इतवारीतून बदाम आणून घरीच दळले), 50 ग्रॅम कोको, 150 ग्रॅम एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी), 4 अंडी, 100 ग्रॅम लोणी, अर्धा कप दूध, दोन चमचे बेकिंग पावडर. पॉटला तूप लावलं, मिश्रण सरळ त्यात ओतलं आणि ‘लो’वर चार तास.

झाकण उचललं तर आतून थेंब लोंबत होते, पावसाळ्यात पत्र्याच्या कडेला ओळीने असतात तसे. बघेपर्यंत सगळे केकवर. कड काळी, त्यातही एक बाजू जास्त काळी. मधे सुरी घातली तर पिठल्यात घातल्यासारखी गेली. जो भाग बरा होता तो खाल्ला, तर दाताखाली करकर आणि गिळल्यावर तोंड गार. मुलाने विचारलं, “आई, यात टूथपेस्ट आहे का?”

हे सगळं कशामुळे झालं ते सांगा. शिवाय 29 ला गुरुवार आहे आणि बाबा गुरुवारी अंडं खात नाहीत. दहा दिवस आहेत हातात.

---

इतवारी_पॅसेंजर
19 मे, सकाळी 8:05

वो ताई, काहून एवढा कुटाणा करून राहिल्या? बाबांना साध्या केकचा एक तुकडा द्या अन् दुसऱ्या दिवशी अंबाझरीला एक चक्कर जास्त मारायला लावा.

---

ढोकळ्याचं_भांडं
19 मे, दुपारी 2:20

पॅसेंजरभाऊ, ताईंनी केक कसा करायचा ते विचारलंय, करायचा की नाही ते नाही.

ताई, तुमची सगळी गडबड एकाच समजुतीतून झाली. स्लो कुकर म्हणजे छोटा ओव्हन नव्हे. ओव्हनमध्ये 170-180 अंशांची कोरडी हवा असते आणि वाफ निघून जाते. स्लो कुकर ‘लो’वर ठेवा की ‘हाय’वर, शेवटी दोन्हीकडे पाण्याच्या उकळीच्या अलीकडेपलीकडेच थांबतो. फरक एवढाच की ‘हाय’वर तिथे लवकर पोचतो. वर घट्ट झाकण, त्यामुळे वाफ आतल्या आत. हे वर्णन कशाचं आहे? ढोकळ्याचं. मग वागवायचंही तसंच.

आता तुमचे रोग एकेक करून. बहुतेक स्लो कुकरमध्ये तापणारी तार पॉटच्या भोवती, बाजूच्या भिंतीत असते. मिश्रण थेट पॉटला चिकटलेलं, म्हणजे कडेला आच आधी आणि मधे सगळ्यात शेवटी. तार सगळीकडे सारखी तापतेच असं नाही, म्हणून एक बाजू जास्त जळते. थेंब म्हणजे झाकणावर थिजलेली वाफ. मोदकपात्राच्या झाकणाला आपल्या आया पंचा बांधायच्या तो कशासाठी? तेच इथे करा. जाड सुती पंचा, चारही टोकं झाकणाच्या मुठीवर गाठ मारून, बाजूला काही लोंबू द्यायचं नाही.

आणि ‘लो’ नको. बेकिंग पावडरला ओल लागली की गॅस सुटायला लागतो. आच हळूहळू चढली तर मिश्रण धरायच्या आत तो गॅस उडून गेलेला असतो, मग बसकं पिठलंच हाती येतं. मैद्यात निदान ग्लुटेनची जाळी असते, बदामात तीही नाही. अंडं शिजून धरेल तेवढाच आधार.

मी अशी करते. पॉटमध्ये बोटभर कोमट पाणी (उकळतं नको, गार पॉट तडकतो), तळाशी स्टीलची रिंग, आणि ‘हाय’वर अर्धा तास नुसतं पाणी तापू द्यायचं. मग 6 इंची डबा, तळाला बटरपेपर, तो रिंगवर. पंचा, झाकण, अडीच तास. पहिले दोन तास झाकणाला हात लावायचा नाही. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, पुरुष मंडळींना खास. काडी घातल्यावर दोन-चार ओले कण चिकटले तरी चालतं. गरम असताना डब्यातून काढू नका, बदामाचा केक मोडतो. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की त्याची खरी चव लागते.

बदाम दळण्याआधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवता का? मे महिन्यात मिक्सर सलग फिरवला की तेल सुटून लगदा होतो. थांबत थांबत फिरवा, रव्याच्या चाळणीने चाळा. साल राहिली तरी चॉकलेटमध्ये कळत नाही.

---

साखर_नको_पण
19 मे, रात्री 9:50

टूथपेस्टचं मी सांगतो, नऊ वर्षं यातच आहे.

एरिथ्रिटॉल विरघळताना उष्णता ओढून घेतं, म्हणून तोंड गार पडतं. आणि केक थंड झाला की त्यातलं थोडं पुन्हा स्फटिक बनतं, तीच तुमची करकर. दोन्हींवर उपाय: मिक्सरमध्ये पिठीसाखरेसारखं बारीक करा आणि प्रमाण 90 ग्रॅमवर आणा. त्याची गोडी साखरेच्या साधारण 70 टक्केच असते. उरलेली गोडी स्टीव्हियाच्या काही थेंबांनी भरून काढा. थेंब जपून, जास्त झाले की जिभेच्या मागे कडवटपणा बसतो. एक चमचा इन्स्टंट कॉफी आणि चिमूटभर मीठ घातलं की चॉकलेट जास्त ‘चॉकलेट’ लागतं.

दुकानात डब्याची मागची बाजू वाचा. ड्रिंकिंग चॉकलेट म्हणजे कोको नव्हे, त्यात साखर असते. ‘शुगर-फ्री’ चॉकलेटमध्ये माल्टिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असेल तर त्याने शुगर वाढते, आणि मोठा तुकडा खाल्ला तर रात्रभर पोटात गुडगुड ती वेगळीच. ऍस्पार्टेमच्या गोळ्या शिजवण्यात घालू नका, आचेने गोडी जाते.

तुमच्या मापाचा हिशोब करून बघितला. तंतू वजा करून बदामाचे 18-20 ग्रॅम कार्ब (शुगर वाढवणारी कर्बोदकं), कोकोचे अकराएक, दूध आणि अंडी मिळून आठ. सगळ्या केकमध्ये चाळीसच्या आसपास. बारा तुकडे केले तर तुकड्याला साडेतीनच्या आत. मैदा आणि साखर 200-200 ग्रॅम घेतली असती तर तुकड्याला तीसच्या आसपास झाले असते. पण तुकड्यात 200 कॅलरी आहेतच, बदाम-लोण्याचा माल आहे. लो-कार्ब म्हणून बाबांनी तीन खाल्ले तर मला सांगू नका.

एक विचारतो. गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड आहे का? असेल तर केक आहे म्हणून त्या दिवशी भात-पोळी सगळंच बंद करू नका. शुगर भलतीच खाली जाऊ शकते. डॉक्टरांना एक फोन करून ठेवा.

---

जवसाची_चटणी, वर्धा
20 मे, सकाळी 6:30

ताई, एवढे बदाम इतवारीतून आणून राहिल्या अन् घरातला जवस विसरल्या? जवसात कार्ब दिसतात खरे, पण जवळपास सगळे तंतूच. आपल्या विदर्भात घरोघरी बरणीत पडलेला असतो. हलका भाजून, बारीक करून बदामाच्या पिठातले 30 ग्रॅम काढा अन् त्याजागी तो घाला. केक ओलसर राहतो. जास्त घातला तर मात्र चिकट होतो अन् चटणीचा वास मारतो, माझा झाला होता.

अंड्याचं सांगायचं तर, एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवली की एका अंड्याचं काम करते. पण चारपैकी एकाचंच, फार तर दोघांचं. चारही अंडी काढली तर बदामाच्या पिठाला धरायला कोणी उरत नाही, गोळाभातातला गोळा होईल. गुरुवारचं मात्र तुम्हालाच काही तरी काढावं लागेल.

---

लक्ष्मीनगरची_सून
20 मे, रात्री 10:15

मंडळी, वाचून हसले आणि शिकले. गोळी ग्लिमेपिराइडच निघाली. डॉक्टर म्हणाले, जेवण नेहमीचं, फक्त एक पोळी कमी आणि केकचा एकच तुकडा.

गुरुवारचं बाबांनीच सोडवलं. म्हणाले, “आमच्या वेळी तारखेने वाढदिवस कोण करायचं? तिथीने माझा कधीच होऊन गेला. आता कापा बुधवारी रात्री, नाहीतर शुक्रवारी, मला काय!” तर बुधवार ठरला. केक मंगळवारी.

---

इतवारी_पॅसेंजर
21 मे, सकाळी 8:10

बाबा आपल्या पार्टीचे आहेत.

---

लक्ष्मीनगरची_सून
30 मे, दुपारी 3:30

उशिरा लिहिते आहे, घरात पाहुणे होते.

मंगळवारी दुपारी गॅलरीत मांडामांड केली. 170 ग्रॅम बदाम, 30 ग्रॅम जवस, 90 ग्रॅम पिठी एरिथ्रिटॉल, स्टीव्हियाचे आठ थेंब, कॉफी, मीठ, बाकी सगळं तेच. अंडी चारही ठेवली. एक गोष्ट माझ्या मनाची घातली. मार्चमध्ये मृग बहाराची शेवटची संत्री आली तेव्हा साली किसून फ्रीजरमध्ये टाकल्या होत्या, त्यातला दोन चमचे कीस. फक्त वरची केशरी साल किसलेली, आतला पांढरा भाग कडू लागतो.

पंचा बांधला, झाकण लावलं, मुलाने झाकणावर ‘हात लावू नये’ची चिठ्ठी चिकटवली. एक तास चाळीस मिनिटं झाली आणि लाईट गेली. ट्रान्सफॉर्मरची घुंऽऽ थांबल्यावर गॅलरीत इतकी शांतता झाली की मला घाम फुटला. हात झाकणाकडे गेलाच होता. चिठ्ठी दिसली, मागे घेतला. पंचवीस मिनिटांनी लाईट आली. पॉट जाड असल्यामुळे उष्णता धरून होता, पण मी वरून अर्धा तास वाढवून दिला. मनाच्या समाधानासाठी आणखी दहा मिनिटं.

झाकण उघडलं तेव्हा पंचा चिंब, पिळला तर पाणी निथळलं. केक मात्र वरून कोरडा, थोडा मॅट, मधे बारीकशी भेग. काळी कड कुठेच नाही. काडीला तीन कण लागले. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला, सकाळी डबा उलटा केला तर ‘टप्’ आवाज करून अख्खा बाहेर आला. मी एकटीच होते तिथे, तरी टाळी वाजवली.

करकर अजिबात नाही. तोंड किंचित गार पडतं, पण संत्र्याची साल असल्यामुळे ते मुद्दाम केल्यासारखं वाटलं. नणंद व्हिडिओ कॉलवर होती. तिला स्वतःचा कुकर ओळखू आला नाही.

बुधवारी रात्री बाबांनी एक तुकडा खाल्ला. दुसऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि ताटली सरकवली. दोन तासांनी आकडा 148. कॅलेंडरवर लिहिला, काळ्या पेनने. गोल नाही.

कुकर आता माळ्यावर जात नाही म्हणून राहिला. बाबांना त्यात रात्री वरण लावून सकाळी उठून बघायचंय. परवा राजमाही टाकू म्हणत होते.

---

ढोकळ्याचं_भांडं
30 मे, संध्याकाळी 5:00

अभिनंदन हो! वरण खुशाल लावा. राजमा मात्र कच्चा टाकू देऊ नका. त्यात एक विष असतं, स्लो कुकरच्या आचेने ते नीट मरत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळायचा आणि मगच कुकरमध्ये. बाबांना हे चिठ्ठीवर लिहून झाकणाला लावा, त्यांच्याकडे चिठ्ठ्यांचा मान आहे असं दिसतंय.